वरच्या जाळीतलं दूध

४ मार्च

ती. मेट्रनबाई यांना,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला नात झाली. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण पुढचं तुम्ही वाचाल की नाही ते मला माहीत नाही. गेल्या मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी झाली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. तीन आठवडे लवकर आली, पण दोघी सुखरूप आहेत.

तुमच्या लेकीची दोन पत्रं न फोडता परत आली आणि तुम्ही तिचा फोन घेत नाही, म्हणून मी लिहितो आहे. तिला सांगितलेलं नाही. मी नववीपर्यंतच शिकलो, म्हणून पत्र आधी कच्चं लिहिलं, शब्दकोश घेऊन तपासलं आणि मग पक्कं केलं. तुमच्या दवाखान्यात फ्रिज दुरुस्तीला यायचो तेव्हा लोकांचे अर्ज तुम्ही लाल पेनने खुणा करून परत पाठवताना मी पाहिलं आहे.

लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. आम्ही निघालो त्या दिवशी तुम्ही दारात उभ्या राहून मला म्हणालात, "फ्रिजवाल्याच्या भरवशावर माझी मुलगी समुद्रापलीकडे चालली आहे. तुझ्या हातून एक दिवस चूक होईल. झाली की लपवू नकोस, मला कळव. मी येईन आणि तिला घेऊन जाईन." मी मान हलवली होती. म्हणजे शब्द दिला, असं मी धरतो. त्याला दोन वर्षं झाली.

कळा सुरू झाल्या तेव्हा ती नव्या लोकांच्या खोल्यांच्या दारांवर लावायच्या चिठ्ठ्या लिहीत होती. संस्थेच्या या दवाखान्यात बाहेरून सेवेला येणाऱ्या प्रत्येक माणसाला आणणं, बसवणं, शिकवणं हे प्रमुख सिस्टर म्हणून तिच्याकडेच असतं. एप्रिलमध्ये चार जण यायचे आहेत. तिने तिसरी चिठ्ठी पूर्ण केली, पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाली, "मोठ्या डॉक्टरांना बोलव. आणि ओरडू नकोस." मी ओरडत नव्हतो. नंतर ड्रायव्हरमामांनी सांगितलं की मी ओरडत होतो आणि ते गेटपर्यंत ऐकू येत होतं.

लवकर आलेल्या बाळाला इथे काचेच्या पेटीत ठेवत नाहीत. आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून कापडाने बांधतात. तुम्हाला हे माहीत असेल, मला नव्हतं. मी दर तासाला थर्मामीटर लावला आणि वहीत लिहिलं. छत्तीस आठ. छत्तीस नऊ. सदतीस. छत्तीस नऊ. मेट्रनबाई, मी पंधराव्या वर्षापासून फ्रिज दुरुस्त करतो. इथला लशींचा फ्रिज दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवायला मला छतावर सहा सोलर पॅनल, आत बर्फाचं अस्तर, एक कंट्रोलर आणि माझी झोप खर्ची घालावी लागते. तुमच्या लेकीला यातलं काही लागत नाही. बाळ गार पडू लागलं की तिची छाती तापते, बाळ गरम झालं की निवते. ती झोपेत असतानाही. मी स्वतः हात लावून पाहिलं आणि मग तेही वहीत लिहिलं.

बाळ झोपेत कपाळाला आठी घालतं. डाव्या भुवईच्या वर, एकच. मोठे डॉक्टर म्हणाले, "ही कुणावर गेली?" तुमची लेक म्हणाली, "राउंडला निघालेली माझी आई." तेव्हापासून सगळे तिला छोटी मेट्रन म्हणतात. राग मानू नका.

आजपर्यंत कळवण्यासारखं काही नाही.

तुमचा आज्ञाधारक,
जावई


३० मार्च

ती. मेट्रनबाई यांना,
साष्टांग नमस्कार.

पार्सल पोचलं. बारा दुपटी. जुन्या मऊ चादरींची, चारही बाजूंनी हाताने दुमडून शिवलेली. आत चिठ्ठी नव्हती. मी प्रत्येक दुपटं झटकून पाहिलं, मग पुठ्ठ्याचा खोका उलटा करून पाहिला. तुमची लेक म्हणाली, "अरे, काय शोधतोयस? तिने लिहायचं ते लिहिलंय की." आणि एक दुपटं तोंडावर धरून तशीच बसली. मी बाहेर जाऊन सोलर पॅनल पुसले. ते आदल्या दिवशीच पुसले होते.

छोटी मेट्रन आता दोन किलो सहाशे आहे. तिची बोटं मी रोज बघतो. नखं इतकी लहान आहेत की माझ्या सगळ्यात बारीक पान्याचं तोंडही त्यापुढे मोठं. एकेका नखाला पांढरी कडसुद्धा आहे. एवढं बारीक काम कुणी, कुठल्या हत्याराने केलं असेल, असं मनात येतं.

मुख्य कचेरीचं पत्र आलं होतं. बाळ लहान आहे, तर नवी माणसं दोन महिने पुढे ढकलायची का, की दुसऱ्या ठिकाणी पाठवायची, असं विचारलं होतं. मी मनातून म्हणालो, देव पावला. तिने एका हाताने बाळाला पाजत दुसऱ्या हातात ते पत्र धरून ठेवलं. बाळाचं पोट भरलं तेव्हा म्हणाली, "नको. त्यांनी घरच्यांचा निरोप घेतला असेल रे. डोळे पुसून झालेल्या माणसाला जरा थांब, असं कसं सांगायचं?"

"पण तुझं काय?"

"माझं काय? मी धक्क्यावर जाईन, त्यांना घेऊन येईन."

बोट लागते तो धक्का इथून गाडीने पाच तासांवर आहे. पाच तास जायला, पाच यायला. ड्रायव्हरमामा एकटे जाऊन त्यांना आणू शकतात, मामा तसं म्हणालेही. ती म्हणाली, "मामा, तुमचा चेहरा बघून माणूस त्याच बोटीने परत जाईल." मामा दिवसभर सगळ्यांना आपला चेहरा दाखवत फिरत होते.

नवीन माणसाला आणायला स्वतः जायचं हे ती कुठे शिकली ते मी विचारलं. म्हणाली, "आई. दर वर्षी नव्या मुली शिकायला आल्या की पहिल्या दिवशी सकाळी सातला ती नर्सिंग होस्टेलच्या दारात उभी असायची. पावसातसुद्धा. एकेकीची ट्रंक उचलायला हात लावायची. त्या मुली पुढे तीन वर्षं तिला चळाचळा कापायच्या, पण तो दिवस कुणी विसरली नाही."

सगळं सोपं चाललं आहे असं मी लिहिणार होतो. तसं नाही. परवा कामाच्या पाळ्या सांगता सांगता ती बसल्या जागी झोपली, वाक्याच्या मध्ये. "बुधवारी दुपारी औषधखोलीत" एवढं म्हणाली आणि मान कलली. मी लिहायचा थांबलो. वीस मिनिटांनी डोळे न उघडता म्हणाली, "लांबे डॉक्टर." म्हणजे वाक्य पूर्ण झालं. यायच्या डॉक्टरांची अर्जातली उंची वाचून आम्ही त्यांना लांबे म्हणतो. आणि एकदा न्हाणीघरात नळ सोडून रडली. नळ सोडला की मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं. विचारलं तर म्हणाली, "दमले रे, बाकी काही नाही. दमलेल्या बाईला रडू नये का?" रडावं, असं मी म्हणालो.

अजून कळवण्यासारखं काही नाही.

तुमचा आज्ञाधारक,
जावई


१६ एप्रिल

ती. मेट्रनबाई यांना,
साष्टांग नमस्कार.

नवीन माणसं आली. एक तरुण डॉक्टर, फार उंच, त्यांनाच आधीपासून लांबे म्हणतो. एक औषधं देणाऱ्या बाई. एक हिशेबनीस. आणि लसीकरणासाठी एक सिस्टर, वय असेल बावीस, पहिल्यांदाच घराबाहेर. ती आपल्याकडचीच निघाली, मराठी बोलते. बोटीवर तिला इतक्या उलट्या झाल्या की धक्क्यावर पाय ठेवताच ती तुमच्या लेकीच्या गळ्यात पडली.

मंगळवारचा तो दिवस मला लिहून ठेवायचा आहे. पहाटे चारला गाडी निघाली. सात आठवड्यांची मुलगी दिवसभर माझ्याकडे. मी तिला दुपट्याने छातीशी बांधलं, जसं तिची आई बांधते, आणि तसाच कामाला लागलो. तिच्यासाठी काढून ठेवलेलं दूध वेळेवर वाटी-चमच्याने पाजलं. पाजलेल्या वेळा वहीत आहेत. त्यातली एक, अकरा वाजून दहा मिनिटं. छोटी मेट्रन त्या वेळी फार रडली होती.

संध्याकाळी सगळे परत आल्यावर मामा म्हणाले, "अहो, सकाळी अकराच्या सुमाराला, धक्क्यावरून निघालो तोच बाईंनी गाडी एकदम थांबवायला लावली. उतरून झाडामागे गेल्या. कपडे दुधाने ओले. म्हणाल्या, ती रडतेय." मी वही उघडून मामांना दाखवली. मामांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. दीडशे किलोमीटर अंतर होतं. माझं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे, तेवढा फरक धरायला हवा. तरीही.

इथे नव्या माणसाला पहिल्या दिवशी काम देत नाहीत. त्याने सगळीकडे फिरायचं, कुठलंही दार, कुठलंही कपाट उघडून बघायचं. दुपारी सगळे व्हरांड्यात बसतात आणि जुनी माणसं आपली एकेक चूक सांगतात. नाव, गाव, पदवी यांच्या आधी चूक. ही पद्धत तुमच्या लेकीने सुरू केली. नव्यांनी फक्त ऐकायचं.

मामांनी सांगितलं की एकदा ते लशींचा डबा गाडीच्या टपावर विसरून निघाले होते. मोठ्या डॉक्टरांनी एका आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांनी "छातीत नाही, पोटात दुखतंय" म्हटलं आणि डॉक्टरांनी विश्वास ठेवला. ते आजोबा गेले. डॉक्टर दर वेळी हीच सांगतात आणि दर वेळी शेवटी चष्मा पुसतात. मग त्यांनी नव्या लोकांना सांगितलं, "तुमच्याही हातून होईल. झाली की याच व्हरांड्यात या. चहा मिळेल." लांबे डॉक्टर खाली बघत होते. औषधवाल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. घरदार सोडून आलेल्या अनोळखी माणसांसमोर ही वयस्कर माणसं असं काढून ठेवतात, हे दोन वर्षं बघूनही माझ्या अंगावर काटा येतो.

माझी पाळी आली. मी उलट्या जोडलेल्या वायरीची चूक सांगितली. दर वेळी तीच सांगतो.

आज लसीकरण झालं. काही मुलांना पुढच्या गुरुवारी बोलावलं आहे. नवी सिस्टर हाताला हलकी आहे.

आजपर्यंत कळवण्यासारखं काही नाही. हात दुखतो आहे म्हणून इथेच थांबतो.

तुमचा आज्ञाधारक,
जावई


१९ एप्रिल

ती. मेट्रनबाई यांना,
साष्टांग नमस्कार.

सोळा तारखेच्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ खोटी आहे. हातही दुखत नव्हता.

ते पत्र अजून टपालाच्या पिशवीतच आहे. पिशवी उद्या सकाळी धक्क्याकडे जाईल. काढून फाडता आलं असतं. पण तुम्हाला खोटं लिहिलं हेही त्या चुकीतच धरायला हवं, म्हणून दोन्ही पत्रं एकत्र पाठवतो. आधी ते वाचा.

आमच्या राहत्या घरातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर मागच्या महिन्यात गेला. भाग बोटीने यायचा आहे. फ्रिजवाल्याच्या घरचा फ्रिज बंद, यावर इथे सगळे हसून झाले आहेत, तुम्हीही हसा. मंगळवारसाठी काढलेलं दूध ठेवायला जागा नव्हती. रविवारी दुपारी मी ते लशींच्या फ्रिजमध्ये ठेवलं. "लशीशिवाय काहीही ठेवू नये" ही पाटी त्या फ्रिजवर मीच लावली आहे.

हा फ्रिज झाकण वर उघडणाऱ्या पेटीसारखा असतो. तळाशी सगळ्यात थंड, तिथे बर्फ धरतो. म्हणून लस वरच्या जाळीत ठेवायची. काही लशी एकदा गोठल्या की कायमच्या बाद होतात, दिसायला मात्र तशाच दिसतात. दूधही गोठायला नको होतं. म्हणून मी वरच्या जाळीतून लशीची एक पेटी उचलली, खाली तळाशी ठेवली आणि त्या जागेवर दुधाच्या चार बाटल्या ठेवल्या. दहा मिनिटांसाठी. मग दुसरी जाळी आणून पेटी नीट लावणार होतो. तेवढ्यात छोटी मेट्रन रडली आणि मी धावलो.

पुढे चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलं. थर्मामीटर वर असतो. चार अंश, चार अंश, पाच अंश. तक्ता बरोबर होता. मी तक्त्याकडेच बघत राहिलो.

बुधवारी नव्या सिस्टरने सगळीकडे फिरताना तो फ्रिज उघडला. व्हरांड्यात माझी वायरीची गोष्ट संपल्यावर ती हळूच म्हणाली, "दादा, मला इथली पद्धत माहीत नाही म्हणून विचारते हं. तळाला ठेवलेली पेटी चालते का इथे?"

त्या क्षणी मला आठवलं. आणि मी म्हणालो, "ती बाद पेटी आहे. टाकायची आहे."

सगळे जण आपापल्या चुका सांगून बसले होते, त्यांच्या मध्ये बसून मी हे बोललो. तुमची लेक बाळाला खांद्यावर थोपटत होती. तिचा हात एकदा थांबला, मग पुन्हा थोपटू लागला.

मेट्रनबाई, त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे लस नव्हती. तुम्ही होतात, दारात उभ्या. मला एवढंच दिसत होतं की तुम्ही याल आणि दोघींना घेऊन जाल.

गोठलेली लस ओळखायची एक रीत आहे. त्याच लशीची एक कुपी मुद्दाम गोठवायची, वितळवायची, आणि संशय आहे ती कुपी तिच्याबरोबर एकाच हातात धरून हलवायची. मग दोन्ही टेबलावर ठेवून बघत बसायचं. दोन्हींत सारखाच गाळ खाली बसला तर संशयाची कुपी बाद. मी संध्याकाळी एक कुपी गोठवायला ठेवली. गुरुवारी पहाटे बाळाला छातीशी बांधून फ्रिजच्या खोलीत गेलो, म्हणजे तिच्या आईला अर्धा तास जास्त झोप मिळेल. गोठलेली कुपी मुठीत धरून वितळवली. दोन्ही हलवल्या, टेबलावर ठेवल्या. बाळ जागं होतं आणि आठी घालून कुप्यांकडेच बघत होतं, असं मला वाटलं. दोन्ही कुप्यांत बारीक पांढरे कण एकाच वेगाने खाली उतरत होते. इतके शांतपणे, की बघत राहावं.

"किती कुप्या?" मागून आवाज आला. तुमची लेक दारात उभी होती. किती वेळ, ते मला माहीत नाही.

"चौदा. एकशे चाळीस मुलांची लस."

"चांगल्या किती उरल्या?"

"सहा. साठ मुलांची."

तिने बाळाला माझ्याकडून घेतलं. मी म्हणालो, "आता आई येऊन तुला घेऊन जातील." ती म्हणाली, "तू त्यासाठी खोटं बोललास?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "वेडा आहेस," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा ती बाळाच्या ठेवते. मग म्हणाली, "साडेसहाला सगळ्यांना व्हरांड्यात बोलाव. तू सांगायचं."

मी सांगितलं. दूध, पेटी, आणि आदल्या दिवशीचं खोटंसुद्धा. नवी सिस्टर रडायला लागली. "मला कळलं होतं, दादा. तुम्ही म्हणालात आणि मी गप्प बसले. पहिल्याच दिवशी कसं बोलायचं?" तुमची लेक तिच्याजवळ जाऊन बसली. "तू विचारलंस म्हणून आज गोठलेली लस कुणाला टोचली जाणार नाही. तू विचारलंस. तेवढंच लक्षात ठेव." मोठे डॉक्टर माझ्यासाठी चहा घेऊन आले. दोन वर्षांत त्यांनी कधी कुणाला चहा आणून दिलेला मी पाहिला नव्हता.

चूक लिहायच्या वहीत ही नोंद तिने स्वतः केली. शेवटी "कोणाकडून" असा रकाना असतो. तिथे लिहिलं, "दूध माझं, जागा त्याची. दोघांकडून." मुख्य कचेरीलाही हेच कळवलं. मुलांसाठी नवी लस पाठवायला आणि इथे काम करणाऱ्या तान्ह्या बाळांच्या आयांसाठी वेगळा छोटा फ्रिज द्यायला सांगितलं आहे. "आमच्याकडे आणखी आया येतील," असं लिहिलं.

तोवर गेटबाहेर रांग लागली होती. शंभरावर बायका, मुलं कडेवर. तुमची लेक बाळाला घेऊन गेटपाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "लस आमच्या हातून खराब झाली. तुमचा काही दोष नाही. आज साठ मुलांचीच आहे. जे लांबून आले त्यांना आज, जवळच्यांना पुढच्या गुरुवारी."

मी कानावर हात ठेवायच्या बेतात होतो. एक म्हातारी म्हणाली, "मग आम्ही आज झक मारायला आलो का?" तुमची लेक म्हणाली, "हो आजी. चूक आमची, पायपीट तुमची. शिव्या द्या, मी इथेच उभी आहे."

मामा रांगेच्या तोंडाशी उभे राहिले, कारण त्यांना प्रत्येक वस्ती माहीत आहे. एक बाई म्हणाली, मी फार लांबून आले. मामा म्हणाले, "तू? तुझ्या अंगणात वाळत घातलेलं धोतर इथून दिसतंय!" सगळी रांग हसली, ती बाईसुद्धा, आणि मागे जाऊन उभी राहिली. मग कुणी न सांगता जवळच्या बायका एकेक करून बाजूला होऊ लागल्या. जुळ्यांची एक आई म्हणाली, "मी जवळचीच, पण माझी दोन आहेत हो!" लांबच्या एकीने तिला हाताला धरून आपल्या पुढे ओढलं.

तुमच्या नातीची लसही त्याच दिवशी होती. त्या म्हातारीने विचारलं, "आणि ही तुझी?" तुमची लेक म्हणाली, "ही जवळची. हिचं घर हेच. ही सगळ्यांच्या शेवटी." तेव्हा म्हातारीने हात पुढे केले, बाळाला घेतलं आणि दुपारपर्यंत मांडीवर घेऊन बसली. तिचा स्वतःचा नातू परत पाठवला होता, तरी ती गेली नाही. मी लांबून बघत होतो. ज्यांच्या मुलांची लस मी खराब केली, त्यातलीच एक माझी मुलगी सांभाळत होती. याला काय म्हणावं ते मी शब्दकोशात शोधलं, मिळालं नाही.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला खोटं लिहिलं. सगळ्यांना सांगून झालं होतं, तुम्ही एकट्या राहिला होतात.

काल तुमच्या लेकीने विचारलं, "आईला लिहिलंस का?" तिला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. शब्दकोश टेबलावर असला की मी कुणाला लिहितो ते तिला कळतं, म्हणाली. मग तिने एक गोष्ट सांगितली. ती लिहावी की नाही याचा मी कालपासून विचार करतो आहे. पण आता लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

ती शिकाऊ नर्स असताना तिने एका पेशंटला दुसऱ्याचं औषध दिलं होतं. तिने स्वतः येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही तिला पूर्ण वॉर्डासमोर तासभर उभं केलंत, कारण पोटची म्हणून सोडली असं कुणी म्हणू नये. ती म्हणाली, "आई नियमाला धरूनच वागली. पण त्यानंतर त्या वॉर्डात एकाही मुलीने कधी चूक सांगितली नाही. चुका होत राहिल्या. मला माहीत आहे, आम्हीच लपवायचो." मग म्हणाली, "त्या दिवशी आई घरी येऊन जेवली नव्हती. स्वयंपाकघरात अंधार करून बसली होती. मी दारातून पाहिलं, पण आत गेले नाही. माझी ती चूक मी अजून व्हरांड्यात कधी सांगितलेली नाही."

हे तुम्हाला दुखवायला लिहिलं नाही. नव्या माणसासाठी दारात उभं राहणं आणि चूक मोठ्याने सांगणं, या दोन गोष्टींवर हा दवाखाना चालतो. दोन्ही तुमच्या घरून आल्या आहेत, एक सरळ आणि एक उलटी होऊन. मला वाटलं, ते तुम्हाला माहीत असावं.

तुमच्या नातीला लस पुढच्या गुरुवारी आहे. ती आता माझं बोट धरते आणि सोडत नाही. ते धरणं मी मोजायचा प्रयत्न केला, पण त्याला माप नाही.

चूक झाली की लपवू नकोस, मला कळव, मी येईन, असं तुम्ही म्हणाला होतात. चूक झाली. थोडी लपवली. आता कळवली आहे.

तेव्हा या.

बोट मंगळवारी लागते. पोट रिकामं ठेवू नका, शेवटचे दोन तास बोट फार हलते. सामान जड आणलंत तरी चालेल. तुम्ही कुठल्या मंगळवारी निघता ते कळवलं नाहीत तरी अडचण नाही. मी तुम्हाला बोलावतो आहे हे तुमच्या लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग आता दर मंगळवारी जावं लागेल." मामांनी टाकी भरून ठेवली आहे. ती बाळाला घेऊन धक्क्यावर उभी असेल.

तुमचा,
जावई